डॉ. जोकिची ताकामिने : पिष्टाची साखर करणारा रसायनशास्त्रज्ञ

भाकरीचा कोरडा तुकडा तोंडांत घेऊन तो गिळण्याची घाई न करितां सावकाश चावीत राहिलें, तर कांहीं वेळानें तो गोड लागूं लागतो. हा अनुभव आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं बहुतेकांस असेल. नसल्यास आज रात्रीं जेवतांना घेऊन पाहावा. भाकरींत तर साखर घातलेली नसते. मग ही गोडी येते कोठून? ज्वारीच्या पिठांत जें पिष्ट असतें, तें साखरेचे शेंकडों कण एकापुढें एक ओवून झालेली एक लांबच लांब माळ आहे. आणि आपल्या लाळेंत असें एक द्रव्य आहे कीं, तें ही माळ ठिकठिकाणीं तोडितें. तुकडे पुरेसे लहान झाले म्हणजे ते जिभेस गोड लागतात. असें काम करणाऱ्या द्रव्यांस एन्झाइम म्हणतात. मराठींत त्यांस विकर असेंही नांव आहे. विकराचा विशेष असा कीं, काम करितांना तो स्वतः खर्ची पडत नाहीं. एक माळ तोडून झाली कीं दुसरीकडे वळतो, आणि म्हणूनच चिमूटभर विकर पुष्कळशा पिष्टास पुरतो.

ह्याच जातीचें द्रव्य मोड आलेल्या धान्यांतही असतें. आमच्या घरांतील वडील बायका लहान मुलांकरितां नाचणीस मोड आणून, ती वाळवून व दळून तिचें सत्त्व करितात. तें पचावयास हलकें असतें ह्याचें एक कारण हेंच. दाण्यास मोड फुटूं लागला कीं कोवळ्या रोपास अन्न हवें असतें. तें अन्न दाण्यांत पिष्टाच्या रूपानें कुलूप लावून ठेविलेलें असतें, आणि विकर ही त्या कुलपाची किल्ली होय. पश्चिमेकडील लोक फार प्राचीन काळापासून सातूस मोड आणून ह्याच किल्लीचा उपयोग करीत आले. असा मोड आणून भट्टींत वाळविलेला सातू म्हणजे माल्ट. १८११ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें किर्खहोफ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें पातळ गंधकाम्लांत पिष्ट उकळून त्याची साखर करून दाखविली. आणि १८३३ सालीं पायां व पेर्सो ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं माल्टांतून तें किल्लीचें द्रव्य वेगळें काढून त्यास डायास्टेज असें नांव दिलें. परंतु हें द्रव्य बुरशीपासून कारखान्यांत मुद्दाम पिकवावें, शुद्ध करावें आणि पूड करून बाटलींत भरून विकावें, ही गोष्ट सिद्धीस नेणारा मनुष्य युरोपांतला नव्हता. तो पूर्वेकडला, जपानांतला होता. डॉ. जोकिची ताकामिने हें त्याचें नांव.

जोकिचीचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजीं ताकाओका ह्या गांवीं झाला. त्याच वर्षीं अमेरिकेच्या आरमारानें जपानास तह करावयास लावून दोन बंदरें उघडून घेतलीं होतीं, आणि दोन शतकांहून अधिक काळ दारें लावून बसलेल्या त्या देशांत परकीय वारा शिरूं लागला होता. जोकिचीचे वडील वैद्य होते. डच लोकांपासून जपानांत आलेलें युरोपीय वैद्यक व रसायन त्यांस अवगत होतें, आणि ते कागा संस्थानच्या अधिपतीच्या पदरीं नोकरीस होते. त्यामुळें मुलाचें बालपण कानाझावा ह्या संस्थानच्या राजधानींत गेलें. आई तांदळाचें मद्य करणाऱ्या एका घराण्यांतली होती. हे दोन धागे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. कारण वडिलांकडचें रसायन आणि आईच्या माहेरची कोजी ह्या दोहोंची गांठ पुढें दूर अमेरिकेंत पडावयाची होती.

कोजी म्हणजे काय तें येथेंच सांगून टाकतों. जपानी लोक वाफविलेल्या तांदळावर एका विशिष्ट बुरशीचीं बीजें पेरितात आणि ते तांदूळ सुमारें दोन दिवस उबेंत ठेवितात. तेवढ्यांत प्रत्येक दाण्यावर पांढऱ्या तंतूंचें जाळें पसरतें, आणि त्यास एक मंद सुवास येतो. ही कोजी. ती नुसत्या भातांत मिसळली तर भात गोड होतो. सोयाबीनमध्यें मिसळली तर तीपासून मिसो व सोया सॉस हे त्यांच्या रोजच्या जेवणांतले पदार्थ होतात. बुरशी म्हटली कीं आम्ही नाक मुरडून भाकर टाकून देतों, आणि तें योग्यच आहे, कारण कित्येक बुरशा विषारी असतात. परंतु जपानांतील लोकांनीं शेंकडों वर्षें जपलेली ही बुरशी अन्नास विघडवीत नाहीं, तर घडविते. युरोपीय मनुष्य माल्टाकडून जें काम करून घेत असे, तेंच जपानी मनुष्य कोजीकडून करून घेई. मात्र हीं दोन कामें एकच आहेत, हें दोन्हीं देश ठाऊक असल्याखेरीज कोणाच्या ध्यानांत यावें?

जोकिची अकरा-बारा वर्षांचा झाला तेव्हां संस्थानानें हुशार मुलांतून निवडून त्यास नागासाकी येथें इंग्रजी शिकण्यास पाठविलें. नागासाकी हें देशाच्या अगदीं दुसऱ्या टोंकास. आमच्यापैकीं किती पालक इतक्या लहान मुलास एवढ्या दूर धाडतील, हा प्रश्न आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १८६८ सालीं जपानांत राज्यक्रांति होऊन जुनी सरंजामी व्यवस्था मोडली. जोकिचीनें ओसाका येथें प्रथम वैद्यकाचा अभ्यास केला, पण मन रमलें रसायनांत. पुढें टोकियोस नवीन निघालेल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांतून तो १८७९ सालीं रसायन विषय घेऊन पदवीधर झाला. तेथील अध्यापक बहुतेक ब्रिटिश होते. सरकारनें निवडक पदवीधरांस विलायतेस धाडिलें, त्यांत ताकामिने होते. १८८० पासून तीन वर्षें ते ग्लासगो येथें शिकले, आणि सुटीच्या दिवसांत कारखाने पाहत हिंडले. पुस्तकांतील रसायन कारखान्याच्या अंगणांत कसें दिसतें, हें पाहण्याची ही हौस त्यांस जन्मभर राहिली.

स्वदेशीं परतल्यावर त्यांस सरकारच्या शेतकी व व्यापार खात्यांत नोकरी मिळाली. १८८४ च्या अखेरीस अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स येथें मोठें प्रदर्शन भरलें, त्यास जपानचे प्रतिनिधि म्हणून ते गेले. ह्या एका प्रवासानें त्यांच्या आयुष्याची दिशा दोन प्रकारें ठरली. एक तर तेथें त्यांनीं फॉस्फेटचे दगड पाहिले. दक्षिण कॅरोलायनांतील खाणींतून निघणाऱ्या ह्या दगडांवर गंधकाम्लाची क्रिया केली कीं उत्तम खत होतें, हें ग्लासगोच्या विद्यार्थ्यास ठाऊक होतेंच. त्यांनीं कांहीं टन माल स्वतःच्या पैशानें विकत घेऊन जपानांत आणिला. दुसरें म्हणजे तेथें त्यांची कॅरोलाइन हिच ह्या तरुणीशीं ओळख झाली. दोघांचा वाङ्‌निश्चय झाला. पण हातीं कांहीं स्थिर उद्योग आल्यावांचून लग्न करावयाचें नाहीं असें ठरल्यामुळें दोन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. १८८७ च्या ऑगस्टमध्यें विवाह झाला, आणि विवाहानंतरच्या सहलींत ह्या नवरदेवांनीं वधूस खताचे कारखाने दाखविले! त्याच वर्षीं टोकियोस कृत्रिम खताची कंपनी निघाली. प्रसिद्ध उद्योगपति शिबुसावा एइइची हे तिचे एक आधारस्तंभ होते. तिकडे पेटंट कचेरीचें कामही ताकामिने पाहत असत, आणि शोध लावणें निराळें व शोधाचा हक्क राखणें निराळें, हें ज्ञान त्यांस तेथें झालें. तें पुढें फार उपयोगीं पडलें.

सौ. कॅरोलाइन ह्यांस मात्र टोकियोचें जीवन सोपें गेलें नाहीं. भाषा परकी, रीति परक्या, घर कारखान्याजवळ. तेथें त्यांस दोन पुत्र झाले. दरम्यान ताकामिने ह्यांच्या डोक्यांत एक नवीन कल्पना घोळत होती. जपानांत कोजी तांदळावर करितात. पण ती गव्हाच्या कोंड्यावर पिकविली तर? कोंडा म्हणजे गिरणीचा टाकाऊ माल, अमेरिकेंत तो रगड. माल्टास सातू भिजविणें, मोड आणणें, पुन्हा वाळविणें ह्यांत कित्येक दिवस जातात, आणि खाण्याजोगें चांगलें धान्य खर्चीं पडतें. कोजी दोन दिवसांत तयार होते, आणि तीही कोंड्यावर. सासूबाईंनीं अमेरिकेंत खटपट करून ही गोष्ट तेथील मद्य-कारखानदारांच्या कानांवर घातली, आणि बोलावणें आलें. १८९० सालीं ताकामिने नुकतीच उभी राहिलेली खताची कंपनी इतरांवर सोंपवून कुटुंबासह अमेरिकेस गेले. त्यांच्या सहकाऱ्यांस हें रुचलें नाहीं, आणि आम्हांसही त्यांचा राग समजूं शकतो.

इलिनॉय संस्थानांतील पेओरिया हें शहर त्या काळीं व्हिस्कीच्या भट्ट्यांचें माहेरघर होतें. आमच्या वार्षिकांत भट्टीचें वर्णन आलेलें पाहून कांहीं पालक दचकतील. मद्याच्या धंद्याविषयीं आमचें मत काय आहे हें त्यांस ठाऊक आहेच. परंतु चरित्र सांगावयाचें तर नायकाच्या वाटेंतला गांव लपवून कसें चालेल? ताकामिने तेथें व्हिस्कीसाठींच गेले होते. मक्याच्या पिष्टाची साखर करावयाची, आणि मग यीस्टनें त्या साखरेचा अल्कोहोल करावयाचा, ह्या दोन पायऱ्यांपैकीं पहिली पायरी माल्टाऐवजीं कोजीनें चढावयाची, असा त्यांचा बेत होता. प्रयोग चांगले उतरले. तोंच शहरांतील माल्टवाल्यांत खळबळ उडाली.

ह्या माल्टवाल्यांस खलपुरुष ठरविणें सोपें आहे. बहुतेक चरित्रकार तसेंच करितात. पण वाचकांनीं त्यांच्या जागीं क्षणभर उभें राहून पाहावें. ज्यांनीं भट्ट्यांत भांडवल घातलें, ज्या मजुरांच्या हातांस सातू ढवळण्यापलीकडे दुसरें कसब नव्हतें, त्यांच्या पुढें एके दिवशीं एक परदेशी गृहस्थ कोंडा व बुरशी घेऊन उभा राहतो, आणि तुमचें काम आतां उरलें नाहीं असें त्याच्या यंत्रांवरून दिसूं लागतें. त्यांत तो परदेशी आशियांतला. त्या वेळीं अमेरिकेंत आशियाई लोकांविरुद्ध केवढा द्वेष होता हें १८८२ सालीं चिनी मजुरांस देशबंदी करणाऱ्या कायद्यावरून कळेल. १८९१ सालीं एका रात्रीं ताकामिने ह्यांच्या कारखान्यास आग लागून तो भस्म झाला. ती लागली कीं लाविली, हें कधीं सिद्ध झालें नाहीं. संशय मात्र सर्वांस आला. भीति खरी असली म्हणून आगीचें समर्थन होत नाहीं, हें आम्ही स्पष्ट म्हणतों. आणि आग वाईट म्हणून भीति खोटी होती, असेंही आम्हांस म्हणवत नाहीं.

ताकामिने ह्यांनीं पुन्हा उभारणी केली. पण संकटें एकटीं येत नाहींत. यकृताच्या विकारानें ते अंथरुणास खिळले. पेओरियांत इलाज होईना, तेव्हां सौ. कॅरोलाइन ह्यांनीं धांवपळ करून त्यांस आगगाडीनें शिकागोस नेवविलें आणि तेथें शस्त्रक्रिया झाली म्हणून जीव वांचला. इकडे ज्या कारखानदारांच्या संघानें त्यांस बोलाविलें होतें, तो संघच आपसांतील भांडणें व कोर्टकज्जे ह्यांत सांपडून १८९५ सालीं मोडला. पांच वर्षांची मेहनत, एक जळालेला कारखाना, दोन लहान मुलें, आजारानें खंगलेलें शरीर, आणि ज्या पद्धतीसाठीं हें सर्व सोसलें तिला गिऱ्हाईक नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली.

पण त्यांच्या हातीं एक वस्तु उरली होती. कोंड्यावर पिकलेली कोजी पाण्यांत भिजविली कीं तिच्यांतील विकर पाण्यांत उतरतो. तें पाणी गाळून त्यांत अल्कोहोल ओतला तर विकर तळाशीं बसतो. तो वाळविला कीं पांढुरकी पूड मिळते. ही पूड भट्टींतच नव्हे, माणसाच्या पोटांतही पिष्टाची साखर करील. २३ फेब्रुवारी १८९४ रोजीं त्यांनीं ह्या कृतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता, आणि ११ सप्टेंबर १८९४ रोजीं त्यांस ५२५८२३ क्रमांकाचें अमेरिकन पेटंट मिळालें. सूक्ष्मजीवापासून काढलेल्या विकराच्या अगदीं पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. त्या पुडीस त्यांनीं टाकाडायास्टेज असें नांव दिलें. डेट्रॉइट येथील पार्क डेव्हिस ह्या औषधी कंपनीनें ती अजीर्णावरील औषध म्हणून बाजारांत आणिली, आणि ती अफाट खपली. जपानांत ती विकण्याकरितां सांक्यो नांवाची पेढी १८९९ सालीं निघाली; १९१३ सालीं तिची मोठी कंपनी झाली, तेव्हां ताकामिने तिचे पहिले अध्यक्ष झाले. टाकाडायास्टेज जपानांत किती घरोघरीं पोंचली होती हें पाहावयाचें असेल तर नात्सुमे सोसेकी ह्यांची मांजराच्या तोंडून सांगितलेली विनोदी कादंबरी पाहावी. १९०५ पासून प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरींतला नेहमीं पोट बिघडलेला शाळामास्तर हेंच औषध घेतो! शाळामास्तरांच्या पोटाची अशी थट्टा आम्हांस विशेष आवडली असें नव्हे. पण पुरावा म्हणून ती येथें नमूद करितों.

आतां कोणी विचारील, कोजी तर साऱ्या जपानची. गांवोगांवच्या अडाणी कारागिरांनीं पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली. मग तिच्यावर एका मनुष्याचा हक्क कसा? प्रश्न रास्त आहे. आमच्या मतें ताकामिने ह्यांनीं बुरशी शोधिली नाहीं, आणि तसें त्यांनीं भासविलेंही नाहीं. तांदळाऐवजीं कोंडा घेणें, जोमदार बुरशीची निवड करणें, विकर पाण्यांत उतरवून अल्कोहोलनें खालीं बसविणें, त्याची शक्ति मोजून पूड एकसारखी ठेवणें, एवढें काम त्यांचें. आणि तें लहान नाहीं. पण ज्या अनाम हातांनीं ती बुरशी शुद्ध राखिली त्यांचा वांटा पेटंटांत कोठेंही लिहिला गेला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

असाच प्रश्न त्यांच्या दुसऱ्या मोठ्या शोधाविषयीं उठतो. १८९७ च्या सुमारास ते न्यू यॉर्कास येऊन राहिले व तेथें त्यांनीं प्रयोगशाळा थाटली. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या ज्या लहान ग्रंथि असतात, त्यांच्या अर्कानें रक्ताचा दाब चढतो हें डॉक्टरांस कळलें होतें. पण तें द्रव्य शुद्ध रूपांत कोणास काढतां येत नव्हतें. १९०० च्या उन्हाळ्यांत ताकामिने ह्यांच्या प्रयोगशाळेंत केइझो उएनाका नांवाचा तरुण साहाय्यक आला, आणि थोड्याच आठवड्यांत जनावरांच्या ग्रंथींपासून त्या द्रव्याचे स्फटिक मिळाले. तेंच ॲड्रिनलीन. आज इस्पितळांत मरणाच्या दारीं गेलेल्या रोग्यास जें इंजेक्शन देतात तें हें. शरीरांतील ग्रंथीचा रस शुद्ध स्वरूपांत हातीं येण्याचा हा पहिलाच प्रसंग. पेटंट ताकामिने ह्यांच्या एकट्यांच्या नांवें झालें. उएनाका ह्यांची त्या दिवसांची टांचणवही मात्र जतन झालेली आहे, आणि प्रत्यक्ष स्फटिक कोणाच्या हातून निघाले तें तीवरून दिसतें. धन्यानें दिशा दिली, साहाय्यकानें तड लाविली; दोन्हीं नांवें जोडून घ्यावीं असें आम्हांस वाटतें. ह्या पेटंटावर पुढें कज्जा झाला. निसर्गांत असलेल्या द्रव्याचा हक्क कोणास मिळतो कीं काय, असा वाद पडला, आणि १९११ सालीं न्यायाधीश लर्नेड हँड ह्यांनीं शुद्ध केलेलें द्रव्य हें निराळेंच होय असें ठरवून पेटंट राखिलें. तो वाद तेवढ्यानें मिटला नाहीं. शंभर वर्षांनंतर, २०१३ सालीं, मनुष्याच्या शरीरांतून वेगळ्या काढलेल्या जीनवर पेटंट घेतां येत नाहीं असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला.

टाकाडायास्टेज व ॲड्रिनलीन ह्यांनीं ताकामिने ह्यांस श्रीमंत केलें. पैसा त्यांनीं साठवून ठेविला नाहीं. १९०५ सालीं न्यू यॉर्कांतील जपानी लोकांकरितां क्लब काढण्यांत ते पुढें होते. वॉशिंग्टन शहरांत चेरीचीं झाडें लावावीं अशी कल्पना निघाली तेव्हां दोन हजार झाडांचा खर्च त्यांनीं अंगावर घेतला. नांव मात्र टोकियो शहराचें ठेविलें. १९१० च्या जानेवारींत तीं झाडें आलीं, पण त्यांस कीड लागलेली निघाली, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांस तीं जाळून टाकावीं लागलीं. दुसरा कोणी असता तर अपमान मानून गप्प बसला असता. ताकामिने ह्यांनीं पुन्हा खर्च दिला, जपानांत नवीं निरोगी रोपें तयार करविण्यांत आलीं, आणि १९१२ सालीं ३०२० झाडें पोंचलीं. २७ मार्च १९१२ रोजीं अध्यक्षांच्या पत्नी सौ. टॅफ्ट ह्यांनीं पहिलें झाड लाविलें. त्याच वर्षीं जपानच्या विद्वत्सभेनें ताकामिने ह्यांस शाही पारितोषिक दिलें. १९१३ सालीं टोकियोस जाऊन त्यांनीं देशाच्या पुढाऱ्यांपुढें असा आग्रह धरिला कीं, परक्यांच्या शोधांची नक्कल करून उद्योग फार काळ चालणार नाहींत. मूळ संशोधनाची मोठी संस्था हवी. त्या खटपटींतून १९१७ सालीं निघालेली संस्था रिकेन ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाली.

ज्या देशांत ते तीस वर्षांहून अधिक राहिले, ज्याच्या राजधानीस त्यांनीं फुलांनीं नटविलें, त्या अमेरिकेचे नागरिक मात्र ते कधींच होऊं शकले नाहींत. कायद्यानें परदेशांत जन्मलेल्या जपानी मनुष्यास नागरिकत्व मिळत नसे. २२ जुलै १९२२ रोजीं न्यू यॉर्कास त्यांचा देहांत झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आंत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ताकाओ ओझावा ह्या दुसऱ्या एका जपानी गृहस्थाच्या अर्जावर तोच नकार कायम केला. ती बंदी १९५२ सालीं उठली. ताकामिने ह्यांची समाधि न्यू यॉर्कांतील वुडलॉन दफनभूमींत आहे. कॅरोलाइनबाई पुढें ॲरिझोनांत राहावयास गेल्या, दुसरा विवाह झाला; पण १९३५ सालीं तेथील वेल ह्या खेड्याजवळ त्यांनीं पहिल्या पतीच्या स्मरणार्थ एक लहानसें देऊळ, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, बांधविलें. तें अद्याप उभें आहे.

आतां त्या कोंड्यावरच्या बुरशीचें पुढें काय झालें तें सांगतों. ताकामिने ह्यांच्या मागें त्यांची विकर करणारी कंपनी न्यू जर्सींतील क्लिफ्टन येथें चालत राहिली. १९५६ सालीं ती माइल्स लॅबोरेटरीज ह्या कंपनीनें विकत घेतली. तोंपर्यंत अन्नाच्या कारखान्यांत पिष्टाची साखर बहुधा किर्खहोफच्या जुन्या रीतीनें, म्हणजे अम्लांत उकळून करीत. त्या रीतींत फार उकळलें कीं पाक कडवट होई, रंग काळवंडे, आणि अम्ल मारावयास सोडा घालावा लागे म्हणून मीठ उरे. विकरास तो दोष नाहीं. तो ठराविक सांधाच तेवढा तोडितो. १९६० नंतर अम्ल मागें पडत गेलें. मक्याचें पिष्ट पाण्यांत कालवून शंभर अंशांहून अधिक उष्णतेंत एका बॅक्टेरियापासून काढलेल्या विकरानें तें पातळ करावयाचें. मग साठ अंशांच्या सुमारास, कोजीच्याच भावकींतील एका काळ्या बुरशीपासून काढलेल्या दुसऱ्या विकरानें त्याचें पूर्ण ग्लुकोज करावयाचें, अशी रीति रूढ झाली. ग्लुकोज मात्र उंसाच्या साखरेइतकें गोड नाहीं. तेव्हां १९५७ सालीं अमेरिकेंत असा एक तिसरा विकर सांपडला कीं, तो ग्लुकोजचें फळांच्या साखरेंत, म्हणजे फ्रुक्टोजमध्यें रूपांतर करितो. तो कारखान्यास परवडेल अशा रीतीनें बनविण्याची युक्ति जपानांतील योशियुकी ताकासाकी ह्यांनीं काढिली, आणि १९६७ सालीं आयोवा संस्थानांतील क्लिंटन येथें त्यानें गोड केलेला मक्याचा पाक विक्रीस निघाला. शेंकडा ४२ किंवा ५५ भाग फ्रुक्टोज असलेला हा पाक पुढें अमेरिकेंतील शीतपेयांत उंसाच्या साखरेची जागा घेऊन बसला. तो इतका स्वस्त झाला, कीं अमेरिकन मनुष्याच्या खाण्यांत गोड फार झालें, अशी तेथील डॉक्टरांची तक्रार आहे.

खुद्द कोजीच्या बुरशीचा विकर मिठाईसाठीं माल्टोजचा पाक करणारे आणि पाव भाजणारे कारखानदार वापरितात. तिच्यापासून निघणारा आणखी एक विकर दुधांतील साखर फोडितो. ज्यांस दूध पचत नाहीं त्यांच्याकरितां तो गोळ्यांतून मिळतो. आणि १९५७ सालीं सातो व एगामी ह्या दोघां जपानी शास्त्रज्ञांस ताकामिने ह्यांच्या त्याच जुन्या टाकाडायास्टेजच्या पुडींत आरएनए ठराविक जागीं तोडणारा एक विकर सांपडला. त्याचा उपयोग करून अमेरिकेंत रॉबर्ट हॉली ह्यांनीं एका आरएनए-साखळीचा कणाकणानें लागलेला क्रम प्रथमच वाचला, आणि १९६८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. २००६ सालीं जपानच्या मद्य-किण्वन विद्वानांच्या सभेनें कोजीस राष्ट्राची बुरशी म्हणून मान दिला.